हिलालचा डावा अंगठा

सुरतेतल्या बमरोलीच्या चाळीत हिलाल पाटलाला नुसतं हिलाल म्हणून कुणी ओळखत नसे. 'डावरा हिलाल' म्हटलं की मात्र लहान पोरसुद्धा खोली दाखवी. खान्देशात डावखुऱ्याला डावरा म्हणतात, आणि हा गडी तर हाडाचा डावरा. काडी ओढणार डाव्याने, खिळा ठोकणार डाव्याने, दाढी करणार डाव्याने. उजव्या हाताला त्याच्याकडे दोनच कामं होती, जेवण आणि देणंघेणं. तीही त्याच्या आईने, धुरपदाबाईने, मारूनमुटकून लावलेली.

अमळनेर तालुक्यात बोरीकाठी त्यांचं गाव. पोरगं डाव्या हाताने भाकर मोडतं म्हणजे घराला ते बरं नाही, असं बायाबायांत बोलणं चाले. धुरपदाबाई ऐकून ऐकून कावली. तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि जेवायला बसताना पोराचं डावं मनगट कमरेच्या करदोड्याला बांधायला सुरुवात केली. चांगली दोन वर्षं बांधलं बाईने. आता बोला.

सुरतेला आल्यावर मात्र त्याच डाव्या हाताने त्याला पोसलं. बमरोलीच्या एका कारखान्यात दोन मागांच्या मध्ये उभा राहून हिलालने दहा वर्षं काढली. मागाला चालू-बंद करायचा एक हँडल असतो. लांब, चांगला रुंद. सूत तुटलं, काही अडकलं, की कारागीर त्याला फटका मारतो. तळहात आपटा, कोपर आपटा, नुसता धक्का लागला तरी चालेल, हँडल खाचेतून सुटतो आणि माग थांबतो. त्या रुंद हँडलाने किती बोटं वाचवली असतील, मोजदाद नाही. हिलालची सवय अशी की पाळी संपली, की निघताना प्रत्येक हँडलवरून हात फिरवायचा, बंद आहे ना ते बघायला. डोळ्यांवर विश्वास नाही, हाताला कळलं पाहिजे.

एवढं सांभाळूनही एकदा धोटा उडालाच. लाकडी, टोकाला लोखंड लावलेला, सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा तो. त्याने हिलालच्या उजव्या अंगठ्याचं हाड फोडलं. अंगठा राहिला, पण वाकेना. दोन्ही हातांच्या चिमटीशिवाय सुताची गाठ बसत नाही, आणि गाठ बसत नाही त्या कारागिराला मागावर कोण ठेवतो? मालकाने गोड बोलून घरी बसवलं.

त्या वेळी शेजारचे बाबुराव देवासारखे धावून आले. नांदेडकडचा माणूस, बांधकामावर मुकादम. महिधरपुऱ्यात हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्या रसिकभाई शेठचं ऑफिस त्यांनीच बांधून दिलं होतं. त्यांनी शब्द टाकला आणि हिलालला दाराशी खुर्ची मिळाली. खुर्ची, खाकी सदरा आणि एक काठी. हिलाल त्या खुर्चीला रोज सकाळी बसण्याआधी हात लावून नमस्कार करायचा. लोक हसायचे. हसोत बापडे.

चौऱ्याण्णव साली प्लेगची आवई उठली आणि अर्धी सुरत गाड्यांना लटकून पळाली. हिलालने बायकोला, अनुसयाला, गावी धाडलं आणि स्वतः बंद ऑफिसच्या दाराशी दहा दिवस बसून राहिला. शेठ स्वतः भावनगरला होते. परत आले तर कुलूप जागच्या जागी, खुर्ची जागच्या जागी आणि हिलाल तोंडाला रुमाल बांधून बसलेला. रसिकभाईंनी नुसतं कुलूप उघडलं. तो माणूसच कमी बोलणारा.

मग शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्याच गल्लीत एका पेढीवर भरदुपारी दरोडा पडला. काठीवाल्या रखवालदाराला चोरट्यांनी बाजूला ढकललं आणि आत शिरले. झालं, गल्लीतल्या प्रत्येक शेठला हत्यारबंद माणूस हवा झाला. रसिकभाईंकडे परवान्याचं बत्तीस बोअरचं जुनं पिस्तूल होतं. त्यांनी हिलालला आत बोलावलं.

"हिलालभाई, परवान्यावर तुमचंही नाव चढवून घेतो. हत्यार तुमच्याकडे राहील. पण चालवता आलं पाहिजे. रविवारी मैदानावर जायचं, सुभेदारसाहेब शिकवतील. ते हो म्हणाले तर खुर्ची तुमची. नाही म्हणाले तर एजन्सीचा माणूस आणावा लागेल. दाराशी खुर्ची एकच आहे."

खुर्ची एकच आहे. हिलाल ते वाक्य घोळवत बमरोलीपर्यंत चालत गेला. रिक्षा करायचं भानच राहिलं नाही. मागावर परत घेणार नाहीत, आणि तिशी उलटून गेलेल्या, अंगठा मोडलेल्या माणसाला नवी खुर्ची कोण देणार?

मैदान शहराबाहेर, उसाच्या शेतांच्या पलीकडे, चलथाणच्या वाटेवर. सुभेदारसाहेब फौजेतून निवृत्त, मिशा पिळदार, बोलणं तुटक. त्यांनी रिकामं पिस्तूल हिलालच्या हातात दिलं आणि सेफ्टीचा खटका दाखवला. खटका वर तोवर पिस्तूल झोपलेलं, अंगठ्याने खाली दाबला की जागं. सोपं आहे म्हणाले. सोपं होतंच, उजव्यांना. खटका पिस्तुलाच्या डाव्या अंगाला. उजव्या हातात धरलं की अंगठा आपसूक त्यावर येतो. हिलालने डाव्या हातात धरलं तर त्याचा अंगठा आला दुसऱ्या अंगाला, आणि तिथे नुसतं सपाट लोखंड.

त्याने पहिलं बोट वाकवून पलीकडचा खटका ओढायला पाहिलं, तर पिस्तूल हातात डुलायला लागलं. उजवा हात मदतीला नेला, तर त्याचा अंगठा वाकेना.

"उजव्या हाताने चालव," सुभेदार म्हणाले.

हिलालने उजवा हात वर करून दाखवला. सुभेदारांनी अंगठा हलवून पाहिला, हळूच खाली ठेवला. "नेम चांगला आहे तुझा, डाव्याचा. पण असं बोटाने चाचपडणाऱ्याच्या हातात मी भरलेलं हत्यार देणार नाही. दोन आठवडे देतो. पेसीकाकाकडे जा."

पेसीकाका म्हणजे नानपुऱ्यातले म्हातारे पारशी. बंदुकांचं परवान्याचं दुकान, मागे छोटं वर्कशॉप. शेठचा मॅनेजर कागदपत्रं आणि पिस्तूल घेऊन सोबत आला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पिस्तुलाऐवजी आधी हिलालचा हात मागितला.

"तारो हाथ बताव, डीकरा."

हिलालने सवयीने उजवा पुढे केला. "अरे, जो काम करतो तो दाखव," काका म्हणाले. मग डाव्या हाताचा पंजा त्यांनी उलटापालटा करून पाहिला, अंगठ्याची लांबी सुतळीने मापली, आणि खुश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. हिलालला आयुष्यात कुणी डावा हात दाखव म्हणून मागितला नव्हता. डॉक्टरनेसुद्धा नाही. त्याला कसंसंच झालं.

काकांचं म्हणणं सरळ होतं. बाहेरदेशी डावऱ्यांसाठी दोन्ही अंगांना खटका असलेली पिस्तुलं मिळतात. इथे तसं आणायचं म्हणजे जन्म जाईल. पण जुन्या खटक्याचा आस आरपार नेऊन दुसऱ्या अंगाला जोड खटका बसवणं हे त्यांच्या हातचं काम होतं, आणि तसं करायचा त्यांना परवाना होता. प्रश्न एवढाच, की हिलालच्या अंगठ्याला कसा खटका आवडेल. त्यांनी पितळेचे तीन नमुने कापून आणले. एक अगदी बारीक, एक मध्यम, एक चांगला रुंद. रिकाम्या पिस्तुलावर मेणाने चिकटवून एकेक हातात दिला.

रुंद खटक्यावर अंगठा टेकला आणि हिलालचा चेहरा उजळला. अंगठा कसा पसरून बसत होता, खटका बघून शोधायलाही नको. "काका, हाच. अगदी मागाच्या हँडलसारखा."

"कंबरेला लावून बघ. बसून बघ, वाकून बघ," काका म्हणाले.

"काही गरज नाही काका. मस्त आहे."

आता यात हिलालची चूक म्हणावी तर ती साऱ्या बमरोलीची चूक. मागवाला बारा तास उभा असतो. बसून काही आजमावायचं असतं हे त्याच्या ध्यानीमनीही येत नाही. आणि खटका जितका मोठा तितका चांगला, हे तर त्याच्या हाडात मुरलेलं. काकांनी दोनदा विचारलं, मग मुकाट्याने पोलादात खटका करून दिला.

मैदानावर तो खटका लोण्यासारखा चालला. सुभेदारसाहेबांनी तीनदा बघितलं, मिशीत हसले आणि हो म्हणाले. हिलालने घरी येताना अनुसयासाठी सुरतेची मिठाई, घारी, घेतली आणि बाबुरावांच्या पाया पडला. दुसऱ्या दिवसापासून कमरेला डाव्या बाजूला पट्ट्यात पिस्तूल लावून गडी ऐटीत खुर्चीवर. सुभेदारांची ताकीद होती, गोळ्या असतील पण नळीत गोळी चढवून ठेवायची नाही. हिलाल ती देवाची आज्ञा मानून पाळायचा.

महिनाभराने धुरपदाबाई आली. भुसावळकडच्या पॅसेंजरने उधन्याला उतरली, डोक्यावर बाजरीचं गाठोडं. आपल्या आंडोरला, म्हणजे लेकाला, बंदूक मिळाली हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. दुपारी ती स्वतःच डबा घेऊन महिधरपुऱ्यात आली आणि खुर्चीच्या डाव्या अंगाला फरशीवर बसली. हिलाल जेवला, उजव्या हाताने, नीट. म्हातारी समाधानाने बघत होती. मग उठायला लागली. गुडघे साथ देईनात, म्हणून तिने लेकाच्या कमरपट्ट्यावर हात टेकला, जोर दिला आणि उभी राहिली.

हिलालला कमरेशी बारीकसा 'टक्' जाणवला.

त्याने काही न दाखवता पट्ट्यावरून हात फिरवला. पाळी संपताना हँडलवरून फिरवायचा तसाच. खटका खाली होता. त्याने स्वतः हात लावलाच नव्हता.  नळी रिकामी होती म्हणून काही झालं नसतं, हे त्याला कळत होतं. पण पिस्तूल जागं झालं होतं, त्याची माय त्यावर ओणवी असताना, आणि त्याला न विचारता.

संध्याकाळपर्यंत त्याने खुर्चीवर बसून, उठून, वाकून पाहिलं. पोट आणि पट्टा मिळून त्या रुंद खटक्याला रेटत होते. चारदा उठलं की एकदा तरी तो सरकायचा. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मागाला धक्का लागला तर माग बंद होतो. पिस्तुलाला धक्का लागला तर ते चालू होतं. त्याने मागाची अक्कल पिस्तुलाला लावली होती. किती मूर्ख माणूस मी, असं तो स्वतःलाच म्हणाला, आणि ते खरंच होतं.

आता सांगायचं की नाही? सुभेदारसाहेबांनी पास केलं होतं. शेठ निर्धास्त होते. सांगितलं तर शेठ म्हणणार, हे डावऱ्याचं लचांड नको, एजन्सीचा उजवा माणूस आणा. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? रोज सावध बसलं की झालं. रात्री तो जेवायला बसला. समोर धुरपदाबाई अनुसयाला सांगत होती, आता मी दिवाळीपर्यंत राहते, रोज डबा मीच नेईन. तेवढं ऐकलं आणि त्याचा निर्णय झाला.

सकाळी त्याने पिस्तूल शेठच्या टेबलावर ठेवलं. "शेठ, खटका आपोआप उघडतो. चूक माझी आहे. काका बसून बघ म्हणाले होते, मी ऐकलं नाही." मग मागाच्या हँडलपासून मायच्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

रसिकभाईंनी पिस्तूल उचललं, तिजोरीत ठेवलं आणि किल्ली फिरवली. "बसा बाहेर," एवढंच म्हणाले. दोन दिवस आतून बोलावणं आलं नाही. हिलाल काठी घेऊन खुर्चीवर बसला, पण मन लागेना. दुसऱ्या दिवशी एजन्सीचा एक कडक इस्त्रीचा माणूस येऊन शेठना भेटून गेला. जाताना त्याने खुर्चीकडे एक नजर टाकली. हिलालने मनातल्या मनात आवराआवर सुरू केली. तरी एक गोष्ट होती बरं का, त्या दोन रात्री त्याला झोप मात्र गाढ लागली.

तिसऱ्या दिवशी शेठनी बोलावलं.

"पेसीकाकांना फोन केला होता. ते म्हणाले, तीस वर्षांत लोक येतात ते खटका कडक आहे, मऊ करून द्या म्हणून. फार आरामाचा झाला म्हणून परत घेऊन येणारा हा पहिलाच." रसिकभाईंनी तिजोरीतून पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. "एजन्सीच्या माणसालाही विचारलं, हत्यारात कधी काही खोट निघाली का. तो म्हणाला, आजवर कधीच नाही. मला ते काही पटलं नाही. तुम्ही आजच काकांकडे जा. आणि काका म्हणाले, येताना आईलाही घेऊन या."

 हिलाल शेठचे पाय धरायला वाकला तर शेठनी त्याला खांद्याला धरून उभं केलं.

तर त्या दुपारी नानपुऱ्यात जी परीक्षा झाली ती बघायला तिकीट लावायला हवं होतं. काकांनी दुकानात एक बुटकं स्टूल मांडलं, रिकामं पिस्तूल पट्ट्यात घालून हिलालला त्याच्या शेजारी खुर्चीवर बसवलं आणि धुरपदाबाईला म्हणाले, "माजी, तुमीच बिगाडला, आता तुमीच पास करो." म्हातारीला काही अर्थबोध झाला नाही, पण लेकाच्या कमरेवर भार देऊन उठबस करायची आहे एवढं तिला कळलं. मध्यम खटका तिने सहाव्या खेपेला हरवला. मग बारीक. काकांनी त्याची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, कडक केली होती, आणि अंगठा घसरू नये म्हणून वर कानशीने आडव्या रेघा पाडल्या होत्या. धुरपदाबाई उठली, बसली, उठली. दहाव्या वेळेला गुडघे धरून म्हणाली, "आते पुरे वं माय." खटका जागचा हलला नव्हता. काकांनी तिला स्वतःच्या हाताने रासबेरी सोडा उघडून दिला.

"आता अंगठा काय म्हणतो?" त्यांनी हिलालला विचारलं.

"टोचतो, काका."

"पंधरा दिवस टोचेल. मग सवय. तुझ्या अंगठ्याने सांगितल्याशिवाय तो उघडणार नाही. तू घरी आरामात झोपशील, हाच आराम." एवढं बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

हिलालने घरी रिकाम्या मुठीत पितळेचा नमुना धरून पंधरा दिवस सराव केला. अंगठ्याला घट्टा पडला. मैदानावर सुभेदारसाहेबांनी या वेळी त्याला बसवून, वाकवून, पळवून बघितलं आणि शेवटी पाठीवर थाप मारली. डावऱ्याला पाठीवर थाप मिळण्याची ती दुसरीच वेळ. पहिली पेसीकाकांच्या दुकानात, माप घेताना.

दसऱ्याला रसिकभाईंच्या ऑफिसात हत्यारांची, वजनकाट्याची, भिंगांची पूजा होती. शेठनी हिलालच्या घरच्यांनाही बोलावलं. पाटावर झेंडूत पिस्तूल ठेवलेलं, रिकामं. शेठ म्हणाले, पहिलं कुंकू आजीबाईंनी लावायचं, हत्यार त्यांनीच पास केलंय. धुरपदाबाई पुढे झाली. तिने पिस्तुलाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि लेकाकडे वळून म्हणाली, "हात दे."

हिलालने उजवा हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि डावा ओढून घेतला. मनगट उलटं केलं. तिथे, चिंधी बांधायची नेमक्या त्याच जागी, तिने कुंकवाचं बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"मना बाप," ती म्हणाली, "हाऊ हात गुनना शे. मी उगाच बांधी ठेवा."

ऑफिसात सगळे गुजराती, कुणाला फारसं कळलं नाही. हा हात गुणाचा आहे, मी उगाच बांधून ठेवला, हे अनुसयाला कळलं, तिने पदर डोळ्यांना लावला.  दहा वर्षं सूत जोडणारा, बाबुरावांच्या पाया पडणारा, शेठनी ठेवून घेतलेला, काकांनी मापलेला तो हात आईच्या हातात होता, आणि या सगळ्यांचे उपकार कसे फेडायचे हे हिलालला सुचत नव्हतं. मग धुरपदाबाईने ताटातला पेढा उचलून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवला.

त्याने सवयीने तो उजव्या हातात घ्यायला बोटं पुढे केली.

"नको," ती म्हणाली. "त्यानीच खाय."

आणि अडतिसाव्या वर्षी हिलालने, ती चिंधी बांधल्यापासून पहिल्यांदा, आईसमोर डाव्या हाताने खाल्लं.